केसभर आधी

रबाळ्यात, गाद्यांच्या गोदामावर, ब्लूग्रास.
ढोल नाही. ताशा तर नाहीच.
मी घणसोलीच्या बँजो पार्टीतला,
बटणांचा बँजो, हळदीची गाणी;
विचारलं, मग हे पळतं कशावर?

ग्लॅडविन बोलला नाही.
मॅन्डोलिनच्या तारा बोटांखाली मुक्या केल्या
आणि दोन ठोक्यांच्या मधे, जिथं काहीच नव्हतं,
खट्.
शहाळ्यावर कोयता.

हेमांगीचा बास पाय रोवून मागे.
पाच तारांचा बँजो केसभर आधी,
पण घाई नाही:
उतारावर भरली हातगाडी,
माणूस मागं रेललेला,
गाडीला खाली जायचंय.

शनिवारी हळदीत ताशेवाल्याला म्हटलं, जरा थांब.
तो थांबला. मी नाही.
नवऱ्याच्या मावशीचा पाय
हवेतच होता,
खाली यायला
जागा शोधत.