ओळ क्रमांक चारशे सतरा

सोहारला संध्याकाळी सातला
ऑफिसचा एसी आपोआप बंद पडतो.
पुढचं गणित घामाचं.

सहाशे बारा मजूर, पाच रकाने :
वय, पगार, ओव्हरटाइमचे तास,
जेवणखर्च, घरी धाडलेले रियाल.
पहिल्या दिवशी सरासरी काढली
तर कॅम्पातला एकूण एक माणूस मुकादम निघाला.
शोधत बसले.
इथे रियालमागे बैशांची तीन शून्यं लिहितात;
कुणाच्या तरी हातून टिंब राहिलं
आणि एका वेल्डरला महिना एक लाख साठ हजार.

सरासरी भिडस्त.
मोठ्याने बोलेल त्याच्याकडे सरकते.
मध्यक तसा नाही.
निम्म्याला थोडे कमी इतके जण खोटं बोलले
तरी रांगेत तो आपला उभा,
फार तर शेजाऱ्याच्या जागी.

पण मध्यकाचं शहाणपण एका रकान्यापुरतं.
पाच रकाने एकत्र धरले
की मधोमध म्हणजे कुठे,
हे नव्याने विचारावं लागतं.
म्हणून आधी निम्मे निवडायचे,
एकमेकांना सगळ्यांत खेटून बसलेले.
त्यांचा ढग होतो, खजुराच्या बीसारखा लांबट.
उरलेल्यांचं अंतर मोजायचं त्या बीपासून,
दूर असेल त्याचं वजन कमी करायचं.
हाकलायचं नाही कुणाला.
नुसतं ऐकू कमी यायचं त्याचं.

वेल्डर गेला बीच्या बाहेर. जाणारच.
पण त्याच्यामागोमाग ओळ चारशे सतरा.

वय एकेचाळीस. तसे पुष्कळ आहेत.
पगार एकशे पस्तीस. तोही पुष्कळांना.
घरी एकशे अठ्ठावीस : फोरमन धाडतातच की तेवढे.
जेवणाला चार रियाल : ज्यांना कंपनीची मेस, त्यांचे तेवढेच.
एकेका रकान्यात कुणाच्या नजरेत न येणारा.
पाचही मिळून मात्र
असा माणूस असूच शकत नाही.
वजन : शून्य दशांश शून्य चार.

शितावरून भाताची परीक्षा करणारे आम्ही,
हा खडा म्हणायचा की शीत?

खलफानला फोन लावला. फॉर्म त्याने भरून आणले होते.
तो हसला. कोण, तो कोकणातला?
पहाटे किनाऱ्यावर आमच्या लोकांची जाळी शिवतो.
पैसे घेत नाही, मासे घेतो.
ते कुठे लिहायचं होतं मी?
तुमच्या कागदावर जागा नव्हती.

नव्हती खरी.
रकाने मीच आखले होते,
चौथ्या मजल्यावर बसून,
उंट न दिसणाऱ्या खिडकीत, उंटावरून शेळ्या हाकत.

शुक्रवारी पहाटे गेले.
सहा-सात जण वाळूत बसलेले,
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून.
भोक पडलं असेल तिथूनच सुरुवात करतात,
आधी थोडं आणखी कापून,
धड गाठ सापडेपर्यंत.
चारशे सतरा कोण ते विचारलं नाही.
विचारायचं तरी कसं? नावं आम्ही ठेवत नाही.

एकाने मान वर न करता विचारलं,
"गाव कंचा?"
दापोली, म्हणाले.
त्याने सुई दातात धरली
आणि पिशवीत तारल्या घातल्या, दोन ओंजळी.
किती झाल्या?
"मोजू नको गो."

अहवालात वजन आहे तेच ठेवलंय.
शून्य दशांश शून्य चार.
खाली तळटीप, दोन ओळींची,
जी कुणी वाचणार नाही.

तारल्या घरी येऊन मोजल्या. तेवीस.
एक उगाचच लांब होती.
तीच आधी तळली.