ठोकून पाहणारी

घर क्रमांक एकशे सतरा, ओळ चौथी.
भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्या.
वैशाखात सून यायची आहे
आणि आत्ताच रात्री पाणी प्यायला उठलं
की कुणाच्या तरी हातावर पाय पडतो.

वर चढवा, सगळे म्हणाले.
सांगायला कुणाचं काय जातं.

लातूरहून एक जण आला, कडक इस्त्रीचा.
मोबाईलवर आमचंच घर दाखवलं:
काचेचा कठडा, कोपऱ्यात खजुराचं झाड,
गच्चीत कॉफी पिणारी दोन गोरी माणसं.
मी विचारलं, ही कोण?
म्हणाला, चित्रात असतातच ती.
सिमेंट-सळई आमच्या दुकानातून घ्या,
नकाशा फुकट.
बारा वर्षं अंगणवाडीत डाळ-तांदूळ मोजते मी,
फुकट ऐकलं की हात आपोआप काट्याकडं जातो.

नणंदेचा योगीराज डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला.
नणंद फोनवर:
"घरचा पोरगा सोडून परक्याला पैसे द्यायलालाव व्हय?"
पोरगा गुणी आहे. पण त्यानं बांधलेलं
अजून काहीच उभं नाही,
आणि उद्या भिंत गळली
तर त्याला बोलायचं कुणी? राखी कुठं पाठवायची?

निलंग्याची तहसीन पटेल
खरं तर सगळ्यांच्या आधी येऊन गेली होती.
मीच तिला चहा पाजून वाटेला लावलं,
कारण तिनं पहिल्याच भेटीत नाही म्हटलं.
"वर काही होणार नाही, ताई.
ह्या भिंती स्वतःपुरत्याच आहेत."

भरदुपारी आली होती, मुद्दाम,
ऊन कुठल्या भिंतीवर रेंगाळतं ते बघायला.
बाजारात आपण मडकं घेतो तशी
बोटांच्या पेरांनी भिंती ठोकत फिरली.
पोराकडून पायाशी हात-दीड हात खणवलं,
खड्ड्यात वाकून काळी माती चिमटीत चोळली,
वहीत काहीतरी लिहिलं, सांगितलं नाही.
आणि निघताना, चप्पल घालता घालता,
ह्यांना विचारलं,
"काका, तुम्ही झोपता कुठं?"

हे खड्ड्याकडं बघत राहिले.

त्या पहाटेपासून हे छताखाली झोपलेले नाहीत.
पाऊस आला की पत्र्याच्या पडवीत बसून रात्र काढतात,
उघडलं की खाट पुन्हा अंगणात.
आमच्याकडं ह्यावर कुणी बोलत नाही.
जावईसुद्धा न विचारता समजून घेतात.
हिला कसं दिसलं?
खाटेच्या चार पायांनी जमिनीत पडलेल्या
चार वाट्या तिनं पाहिल्या असतील.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही.
एसटीनं तिच्या एका जुन्या कामावर गेले,
औराद शहाजानीला, न सांगता.
त्या घरची बाई कणीक मळत होती.
मी विचारलं, कशी आहे?
"भांडती. मिस्त्रीशी तर लईच.
एकदा केलेली पायरी फोडून परत करायला लावली.
पण पैसे दिल्यावरबी फोन उचलती."
कणीक मळून झाली तशी मी उठले.

आता कागद घरात आहे,
रेशनकार्डाच्या पिशवीत, चार घड्या घालून.
नकाशाचे पैसे वेगळे, देखरेखीचे वेगळे,
किती खेपा मारणार तेही लिहून, सहीनिशी.
नवी खोली शेजारी, जुन्या भिंतीला न चिकटता,
मध्ये चार बोटं फट.
छप्पर हलकं. दार बाहेर उघडणारं.
नणंद पायाभरणीला आली नाही.

आणि अंगणात, नव्या दारासमोर,
जिथं बांधायचं काहीच नाही,
तिथं तिनं पेन्सिलीनं एक लांबट चौकोन काढलाय.
आत बारीक अक्षरात: खाट.
हे चष्मा लावून तो कागद दोनदा बघून गेले.
काही बोलले नाहीत.
तिसऱ्यांदा बोटानं चौकोन मोजला
आणि म्हणाले, लहान पडतोय वीतभर,
तिला सांग.