किरकोळ दुरुस्त्या

पाळी सुरू होताच संगणकाने विचारलं,
नवी आवृत्ती आली आहे, आता बसवू की नंतर?
तीन आठवडे मी "नंतर" म्हणत आलो होतो,
दाताच्या डॉक्टरला म्हणतो तसं.
आज बोट घसरलं.

सोहारच्या बंदरात, लोखंडाच्या लाल धुळीपलीकडे
आमचं भांडार. गेटवर फोन काढून घेतात,
एका ठिणगीला भितात साहेब लोक.
म्हणून माझं घर या टेबलावरच्या पडद्यात.
डावीकडे व्हॉल्व्ह, गॅस्केट, बाराशे तेहतीस नग,
उजवीकडे, अरुंद पट्टीत, दाभोळ.

निळी रेघ एकोणचाळीस टक्क्यांवर अडकली.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
रोनेल म्हणाला, "काय बदललं ते वाच तरी."

वाचलं.
*खिडकी आता तुम्ही सोडलेल्या जागीच उघडेल.*
बरं झालं. आम्हांला कुठे जमलं तेवढं.

*एकच सूचना दोनदा वाजण्याचा दोष काढला आहे.*
जुबेदाचं "जेवलात?" वर्षभर दोनदा यायचं.
पहिल्याला मी "हो" म्हणायचो,
दुसऱ्याला खरं सांगायचो.

*अर्धवट मजकूर आता पुसला जाणार नाही.*
इथे मात्र मी जरा घाबरलो.
"या मे महिन्यात मी कायमचा"
एवढं लिहून किती वेळा खिडकी बंद केली,
आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी, मीही कोरा.
त्या दोषाचे माझ्यावर उपकार आहेत.

आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत,
*वेळ चुकीची दिसत होती, ती दुरुस्त केली आहे.*

कोणी केली होती तक्रार?
तिचे निरोप दाभोळच्या घड्याळाने यायचे,
माझे सोहारच्या.
अकराला तिने विचारलेलं असायचं, साडेनऊला मी उत्तर दिलेलं.
बायकोने विचारण्याआधी नवऱ्याला कळलं,
असं बावीस वर्षांच्या संसारात
फक्त त्या पडद्यावर घडलं.
तहसीन हसायची, "अब्बा, तुम्ही तर अवलियाच झालात!"

पहाटे पाच दहा बघितलं की समजायचं,
तिकडे फजरची अजान झाली,
तिने पाण्याचा पंप लावला, तो लगेच लागला नाही,
तिने त्याला दोन शब्द सुनावले.
आता तिथे तीन चाळीस दिसणार.
तीन चाळीसला कोण पंपाशी भांडतं?
दीड तास. बेरीज काही अवघड नाही,
आयुष्यभर साठ्याचीच बेरीज केली.
पण घर आधी डोळ्याने दिसायचं,
आता हिशोबाने काढायचं.

कोपऱ्यात एक चौकट होती, *अडचण कळवा.*
मी टंकलं, "माझा दीड तास हरवला आहे.
कृपया जुना दोष परत"
तेवढ्यात सालिम आला, बारा इंची गॅस्केट हवी,
दोन नग, आत्ताच्या आत्ता,
पंपहाउसमध्ये गळती आहे म्हणाला.
शोधली. सही घेतली. साठ्यातून दोन वजा केले.

परत आलो तर खिडकी सोडल्या जागीच होती,
आणि चौकटीत, न पुसलेलं,
"कृपया जुना दोष परत".
धड मागणी नाही, धड गप्प बसणं नाही.
मी ते पाठवलं नाही. पुसलंही नाही.

मग उजव्या पट्टीत उजळलं, "जेवलात?"
शेजारी आठ पन्नास.
म्हणजे तिथे दहा वीस,
धोपाव्याची शेवटची फेरीबोट लागली असेल,
तिने अंगणातला दिवा मालवला असेल.

मी दुसऱ्याची वाट पाहिली.
थोडा वेळ, सवयीने.
रोनेलने डब्याचं झाकण उघडून माझ्याकडे सरकवलं,
सुका मासा, भात.
ते तसंच ठेवून मी लिहिलं,
"अजून नाही."