किमान दोन वेळा

परसोडीला, तिसऱ्या मजल्यावर,
कूलर घरघरतो आणि मी यंत्राला शिकवते
कुठली बातमी कुठल्या पेटीत.
आधी 'आणि', 'पण', 'तरी' गाळायचे.
मग नागपुरात, नागपूरला, नागपूरचा,
शेपट्या छाटून एकच नागपूर.
वाघ आला की जंगल,
कबड्डीच्या टीमचं नाव नसेल तर.
संत्री बाजारात. गारांसोबत आली तर हवामानात.

आज एक आली, चार ओळींची.
पारा सेहेचाळीस, ऊन, उष्माघात,
कॉटन मार्केट, क्रेट उचलताना,
फुलचंद मरसकोल्हे, वय बावन्न.
यंत्र म्हणालं: हवामान.
खात्री एक्क्याण्णव टक्के.

उघडून पाहिलं, तर नाव मोजलंच नव्हतं.
अख्ख्या साठ्यात एकदाच आलेला शब्द
सुरुवातीलाच काढून टाकतो आम्ही.
नियम माझाच.

"काहून थांबली वं?" शेजारून प्रज्योत.
म्हटलं, पेटी सापडत नाही.
"'इतर' हाय ना."

संध्याकाळी खामल्याच्या सिग्नलवर
नव्वद सेकंद लाल.
हेल्मेटच्या आत
मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं,
मरसकोल्हे, फुलचंद,
आणि मागचा हॉर्न वाजवत राहिला.