चार फेऱ्यांची माती

क्रोस्नोच्या ट्रॅकवरचा ट्रॅक्टर मी चालवते.
तीन-चार शर्यती झाल्या की भोंगा वाजतो,
लोक सॉसेज आणायला उठतात
आणि मी मागे लोखंडी फळी बांधून निघते
उधळलेली माती पुन्हा जागेवर बसवायला.
माझ्याकडे कोणी बघत नाही. बरंच आहे.

मी बघते. चेहरे नाही, चर.
भित्र्याचा चर आतल्या कडेला चिकटून जातो,
उतावळ्याचा ऐन वळणात तुटतो,
दमलेल्याचा तिसऱ्या फेरीपासून
नुसता पसरतो.

ओल्गेर्द काचकारखान्यातल्या भट्टीवाल्याचा पोरगा.
सोळा वर्षं, चार महिने. मिसरूड म्हणावं तर तेही नाही.
या गाडीला ब्रेक नसतो
हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
त्याच्या आईला मात्र परवान्याच्या अर्जावर सही करताना
ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं झालं.

एप्रिलात पहिल्याच वळणावर आडवा.
पुढच्या सामन्यात शेवटचा, शून्य.
त्याच्या पुढच्यात फीत उडायच्या आधीच तिच्यात शिरला,
पंचांनी बाहेर काढला.
त्या रात्री गॅरेजमागे एकटाच
डाव्या बुटाचा पोलादी तळवा दगडावर घासत बसलेला.
म्हटलं, पोरा, तळव्याचा काय दोष?
मान वर न करता म्हणाला,
"बोगुमिवा काकू, ओल कुठे टिकते?"

सतरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं नाही. घरचा असो की पाहुणा,
माती सगळ्यांची.
पण दुसऱ्या दिवसापासून सरावाआधी
तो ट्रॅकवर पायी हिंडू लागला,
टाचेनं टोचत, वाकून चिमूट उचलत,
बोटांत चुरडून वास घेत.
बाकीची पोरं हसली. हसू देत.

जूनमधल्या त्या संध्याकाळी
कनिष्ठांची शर्यत त्यानं जिंकली, ते चालायचंच,
तिथे सगळे त्याच्यासारखे.
पण शेवटच्या शर्यतीआधी आमचा मोठा खेळाडू
मनगट धरून बाकावर बसला
आणि प्रशिक्षकानं लाल हेल्मेट याच्या हातात दिलं.
शेजारी पाहुण्यांचा कप्तान,
ज्याच्या वयात याचं वय दोनदा बसून वर उरतं.

फीत उडाली. तिसरा.
दुसऱ्या फेरीतही तिसरा.
मिथेनॉलचा तो जळका, गोडसर वास,
आणि कठड्याशी उभा म्हातारा
सूर्यफुलाच्या बिया चावायचा थांबलेला.
तिसऱ्या फेरीत, पलीकडच्या वळणावर,
तो सगळ्यांना सोडून कुंपणाकडे गेला,
जिथे कोणी जात नाही,
जिथे दुपारी पाण्याचा नळ
मी जरा उशिरा बंद केला होता.
मुद्दाम? ते मला विचारू नका.
मागचं चाक आडवं, पुढचं उलट्या दिशेला,
डावा पाय मातीवर टेकलेला, हलकेच,
झोपलेल्याला उठवावं तसा.
एक मागे पडला. मग कप्तानही.

तीन गुण.
पोरांनी त्याला हवेत उडवलं,
गळपट्टे फिरले, कुणाचा तरी भोंगा थांबेचना.
त्याच्या आईनं डोळे मिटलेले होते,
बाजूच्या बाईनं दंड हलवून सांगितलं
तेव्हा उघडले, आणि आधी विचारलं, "उभा आहे ना?"
बाहेर, परक्या शहराच्या नंबरची काळी गाडी
इंजिन चालू ठेवून वाट बघत होती.
तिच्यातल्या माणसाला मी ओळखते.
तो चर बघत नाही. आकडे बघतो.

दिवे निम्मे मालवल्यावर मी निघाले.
कुंपणालगत तो होता, एकटाच,
कुठेही न तुटलेला, वीतभर खोल,
काठाची माती अजून गार.
उद्या पेपरात फोटो येईल, नावातलं एखादं अक्षर चुकेल,
पुढच्या वर्षी अंगावर दुसऱ्याच गावाचे रंग असतील.
हे इथलं मात्र फक्त मी वाचलं.

दोनदा त्याला वळसा घालून गेले.
तिसऱ्यांदा फळी खाली सोडली.
गुरुवारी सराव आहे.