शून्य रिजेक्शन

उद्यमबागेत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं मी माल तपासते.
हातात मायक्रोमीटर, डोळ्यांवर आता जाड भिंग,
समोर दोन ट्रे : हिरवा पासांचा, लाल नापासांचा.
लाल ट्रे रिकामा राहिला, असा दिवस आठवत नाही.

गुरुवारी एक ड्रॉइंग आलं.
एक कडं. मनगटात जाईल एवढं.
पार्ट नंबर होता, धातू होता,
पाच मायक्रॉनचा टॉलरन्स होता.
'उपयोग' या रकान्यात आडवी रेघ.

भरमाण्णा कंग्राळकरने ते लेथवर चढवलं.
कशाचं असेल हो, मी विचारलं.
"कशाचं तर असंल की गे. डेअरीतल्या पंपाचं."
मग चहा पिताना आपणच म्हणाला,
"डेअरीवाला पाच मायक्रॉन मागतोय होय?"

असेलही पंपाचं. मला ठाऊक नाही.
एवढंच कळतं, की कुठेतरी
अशाच कुणा बाईने तपासलेल्या कड्यांवर, झडपांवर, स्प्रिंगांवर
एक आख्खा बाँब झोपलेला असतो.
त्याला उठवू नका, हे सांगणारं यंत्रसुद्धा
कुणीतरी शिफ्ट संपता संपता पास केलेलं असतं.

सुपरवायझर हुक्केरीचा, शांत माणूस.
म्हणाला, त्यांच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे,
आणि दोघांकडे आहे म्हणून कुणी टाकत नाही.
तो कानडीत बोलला, मी मराठीत ऐकलं,
आमचं असंच चालतं.
मी त्याच्यापुढे माझं रजिस्टर उघडलं.
शंभरात चार. बऱ्या महिन्यात हजारात तीन.
नवी मशीन आली तेव्हा दहा हजारांत एक.
शून्य?
शून्य एकदाच लिहिलंय, ऑडिट होतं म्हणून.
ते खोटं होतं.

आणि ह्यांना शून्यच हवंय.
रोज. सगळ्या देशांत.
रात्रपाळीच्या पोराला डुलकी लागली तरी,
रडारवर बगळ्यांचा थवा आला तरी,
पुढाऱ्याचं डोकं फिरलं तरी.
किती वर्षं? मुदत लिहिलेली नाही.
अशी ऑर्डर आमच्या मालकानेही घेतली नसती,
आणि आमचा मालक काहीही घेतो.

घरी भाचीच्या पेटीतलं कर्कटक काढलं,
नकाशावर टोक आमच्या शेडवर टेकवलं.
आतल्या वर्तुळात मजगाव, अनगोळ, येळ्ळूर,
शहापुरातले उरलेसुरले माग.
त्याबाहेर राकसकोपचं पाणी.
पुढचं वाऱ्यावर : पश्चिमेचा असेल तर बैलहोंगल,
पूर्वेचा असेल तर चंदगड.
जिच्यावर कुठली अक्षरं मोठी म्हणून डोकी फुटली
ती पाटी मधेच कुठेतरी.
पेन्सिल राज्याच्या हद्दीवरून गेली
तेव्हा जरासुद्धा अडखळली नाही.
"मावशी, माझ्या नकाशावर काय गिरवलंस?"
खोडलं. कागद थोडा फाटला.

लाल ट्रेचं पुढे काय होतं, कुणी विचारत नाही.
शनिवारी तो शेजारच्या फौंड्रीत जातो.
मल्लव्वा वजन करते, भट्टीत लोटते,
पाच मायक्रॉनची ऐट तिथं क्षणभर टिकत नाही.
मागल्या खेपेला त्यातून गटारांची झाकणं ओतली.
बाँब असा वितळत नाही, माहीत आहे.
त्यातलं विष आमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल.
तरी सुरुवात हीच :
कुणीतरी तो उचलून लाल ट्रेत ठेवायचा.
आधी कुणी, की दोघांनी मिळून, ते भांडा सावकाश,
पण भांडताना ट्रे तरी टेबलावर असू द्या.

कडं चार मायक्रॉनवर आलं होतं.
चोख.
हिरव्यात ठेवलं. पुन्हा उचललं.
त्या आडव्या रेघेवर पेन्सिलीने लिहिलं :
कशासाठी, ते कळल्याशिवाय पुढे जाणार नाही.
भरमाण्णाने वाचलं, काही बोलला नाही.
त्या दिवशी चहाचे पैसे त्याने दिले.