हेड

कुमासीत, असाफोच्या गल्लीत, आड्वोआचं मशीन
फक्त मेलेल्यांसाठी चालतं.
दर गुरुवारी फ्लेक्सवर चेहरे, लाल-काळा मजकूर,
खाली वय: त्र्याण्णव, सत्तर, एकोणीस.

बोआटेंग मेकॅनिक म्हणाला, हेड दोन वर्षं टिकतं.
नाहीतर पाच. नाहीतर उद्या सकाळी जातं.
वापरून झिजतं त्याहून
नुसतं बसवून ठेवलं की लवकर मरतं, मॅडम.
शाई तोंडातच वाळते.

ज्या वर्षी अंत्यविधीला गर्दी नको असा हुकूम निघाला
माणसं मरत होती, पोस्टर कुणी मागेना.
ती रोज दुकान उघडायची,
चार रंगांच्या चार पट्ट्या काढायची,
कुणाचाच नसलेला एक कागद.
किरमिजीत आधी एक रेघ तुटली,
मग तीन.
कोमट पाणी, सिरिंज, शिव्या, प्रार्थना,
सगळं करून झालं.

आता नवं हेड बसलंय.
जुनं गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांशेजारी,
ओठ मिटून.

परवा बोआटेंगचा चेहरा छापायला आला.
एकेचाळीस.
गालावर बारीक पांढरी रेघ उमटली.
तिनं हेड पुसलं, पुन्हा छापला.
पहिला मात्र गुंडाळून
घरी नेला.